खाई त्याला खवखवे : खरे ऐकून राग का येतो?

मराठीत एक जुनी म्हण आहे : खाई त्याला खवखवे. अळू किंवा सुरण ज्याने खाल्ले, घसा त्याचाच खवखवतो. शेजारी बसलेल्याला काही होत नाही. माणसाच्या मनाचेही तसेच आहे. चारचौघांत कोणी नाव न घेता एखाद्या चुकीचा उल्लेख करतो. ज्याने ती चूक केलेली नसते, तो स्वस्थपणे ऐकून घेतो. ज्याने केलेली असते, तो मात्र तत्काळ विचारतो, "तुमचा रोख कोणाकडे आहे?"

ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याला कोणी "तू शेजाऱ्याचा बांध कोरलास" असे म्हटले, तर तो हसून सोडून देईल. ज्याने खरोखर बांध कोरला आहे, तो त्याच वाक्यावर काठी उचलील. खोट्या आरोपाचाही राग येतो, हे खरे. परंतु तो राग पुराव्याने शमतो. खऱ्या शब्दाचा राग पुरावा समोर आला की उलट वाढतो. या दोन रागांतील हा फरक ज्याला ओळखता आला, त्याला स्वतःच्या इस्लाहची, म्हणजे आत्मसुधारणेची, पहिली पायरी सापडली असे समजावे. या लेखात आपण त्या दुसऱ्या रागाचा विचार करणार आहोत.

एका जुम्याचे बयान

लातूर जिल्ह्यातील एका गावात मी इमामतीची सेवा करतो. जुम्याच्या अरबी खुतब्यापूर्वी लोकांना समजेल अशा भाषेत बयान होते. एका जुम्याला मी सूरह अन-निसामधील वारसाहक्काच्या आयतींवर बोललो. आईवडील व नातलग जे मागे ठेवून जातात, त्यात पुरुषांचा वाटा आहे आणि स्त्रियांचाही आहे. मालमत्ता थोडी असो वा फार, हा वाटा ठरवून दिलेला आहे, असा सातव्या आयतीचा आशय आहे. पुढे अकराव्या व बाराव्या आयतींत मुलगा, मुलगी, आई, वडील, पती, पत्नी यांचे हिस्से अपूर्णांकांसह सांगितले आहेत. नमाजच्या रकअतींची संख्या कुरआनमध्ये आलेली नाही, ती प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या आचरणातून आपल्याला मिळाली. मुलीचा हिस्सा मात्र अल्लाहने स्वतः कुरआनमध्ये सांगितला. एवढे सांगून मी म्हणालो, "आपल्या भागात किती सातबाऱ्यांवर बहिणींची नावे टिकून आहेत, याचा प्रत्येकाने आपापल्या घरी विचार करावा." कोणाचेही नाव मी घेतले नाही. कोणाच्या घरची हकीकत मला ठाऊकही नव्हती.

नमाजनंतर एरवी लोक मुसाफहा करतात, खुशाली विचारतात. त्या दिवशी तसे झाले नाही. एक बुजुर्ग म्हणाले, "मौलाना, दीनवर बोलत चला, घरगुती गोष्टी मिंबरवर कशाला?" दुसरे म्हणाले, "कौमवर आधीच काय कमी संकटे आहेत, म्हणून हा विषय आत्ता काढला?" तिसरे बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "आमच्या मेव्हण्याने तुम्हाला सांगितले ना?" त्यांच्या मेव्हण्याला मी ओळखतही नव्हतो. लेकी बोले सुने लागे, असे म्हणतात. येथे तर न बोललेले लागले होते.

एकानेही मला विचारले नाही की, "मौलाना, आयतीचा अर्थ तुम्ही चुकीचा सांगितला का?"

कुरआनने केलेले निदान

कुरआनने या मनोवृत्तीचे निदान फार स्पष्ट केले आहे. सूरह अल-बकराच्या २०६ व्या आयतीत एका माणसाचे वर्णन येते. त्याला अल्लाहचे भय बाळगण्यास सांगितले की त्याची प्रतिष्ठा आडवी येते आणि ती त्याला पापालाच घट्ट धरून ठेवते. येथे 'इज्जत' हाच शब्द आला आहे, हे विचार करण्यासारखे आहे. जी इज्जत माणसाला वाईटापासून रोखण्यासाठी असते, तीच येथे वाईटाला चिकटून राहण्याचे कारण होते. चूक मान्य केली तर इज्जत जाईल, या भीतीने माणूस चूक चालू ठेवतो.

सूरह अल-कियामाच्या १४ व १५ व्या आयतींचा आशय असा की माणूस स्वतःविषयी स्वतःच साक्षीदार आहे, मग त्याने कितीही सबबी पुढे केल्या तरी. म्हणजे सांगणारा नवीन काही सांगत नसतो. आपल्याला जे आतून ठाऊक असते आणि जे आपण कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवलेले असते, ते तो खाली उतरवतो. आपल्याला राग येतो तो त्या गाठोड्याचा. निघतो मात्र उतरवणाऱ्यावर.

सूरह अल-आराफमध्ये समूद जातीचे प्रेषित हजरत सालेह (अलै.) आपल्या लोकांना सोडून जाताना खंत व्यक्त करतात की मी तुमचे हितच चिंतले, पण हितचिंतक तुम्हाला आवडतच नाहीत. हजरत नूह (अलै.) यांच्या लोकांनी तर त्यांचे बोलणे ऐकू येऊ नये म्हणून कानांत बोटे घातली आणि अंगावर वस्त्रे ओढून घेतली, असे सूरह नूहमध्ये आले आहे. बोलणे खोटे असते तर कानांत बोटे घालण्याची गरज पडली नसती. त्याचे खंडन करता आले असते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी या रोगाला नाव दिले आहे. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याकडून सहीह मुस्लिममध्ये आलेल्या हदीसनुसार, अंतःकरणात कणभर अहंकार असलेला माणूस जन्नतमध्ये जाणार नाही, असे प्रेषितांनी सांगितले. तेव्हा कोणी विचारले की चांगले कपडे व चांगली पादत्राणे आवडणे हाही अहंकार का? प्रेषितांनी (स.) खुलासा केला की अहंकार म्हणजे सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे. आपण अहंकार उंची पोशाखात शोधतो. हदीस तो आपल्या कानात शोधते. फाटक्या कपड्यांतील माणूसही, खरे ऐकून घेत नसेल, तर अहंकारी ठरतो.

याशिवाय आणखी एक कारण आहे आणि ते आपण सहसा बोलून दाखवत नाही. सत्य फुकट येत नाही. "तुम्ही बहिणीचा हिस्सा दिला नाही" हे वाक्य मान्य केले की दुसऱ्या दिवशी मोजणीदार बोलवावा लागतो. रागावण्यासाठी मात्र एक रुपयाही लागत नाही. जमीन देण्यापेक्षा रागावणे स्वस्त पडते, म्हणून माणूस रागावतो.

चार ढाली

खरे बोलणे समोर आले की माणूस बहुधा चारपैकी एक ढाल उचलतो.

पहिली ढाल : "हे सांगणारा कोण?" त्याचे वय, शिक्षण, घराणे, जमात, मसलक पाहिले जाते. दुसरी ढाल : "हे आत्ताच का?" जणू सत्यालाही मुहूर्त लागतो. तिसरी : "सांगण्याची ही पद्धत झाली का?" चौथी : "सगळेच असे करतात." गावातील एकाही बहिणीला हिस्सा मिळालेला नसेल, तर न देणाऱ्याला आपण बहुमतात असल्याचा दिलासा मिळतो. परंतु हिशेबाच्या दिवशी बहुमत मोजले जाणार नाही. तेथे प्रत्येकाला एकट्याने उभे राहायचे आहे.

या चारही प्रश्नांना आपापल्या जागी काही अर्थ आहे. सांगण्याच्या पद्धतीला तर फारच आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे. परंतु पाचवा प्रश्न, "हे खरे आहे का?", तो पहिला विचारला पाहिजे. त्याचे उत्तर मिळण्यापूर्वी उचललेली प्रत्येक ढाल ही स्वतःपासून पळण्याची वाट असते.

कौमविषयीचे सत्य

व्यक्तीप्रमाणे समाजालाही नफ्स असते. २००५ साली केंद्र सरकारने न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये तिचा अहवाल आला. महाराष्ट्रात डॉ. महमूदुर्रहमान यांच्या अभ्यासगटाने २०१३ साली आपला अहवाल दिला. शिक्षण, नोकऱ्या, बँकांची कर्जे यांत मुस्लिम समाज किती मागे राहिला आहे, हे त्यांत नोंदले गेले. या अहवालांचा उल्लेख आपण प्रत्येक सभेत करतो आणि तो केलाच पाहिजे. न्याय मागणे हा आपला हक्क आहे. पण मनाला एक प्रश्न विचारावा : हे सत्य ऐकताना आपल्याला राग येतो, तरी तो सुखाचा का वाटतो? कारण त्यात देणे दुसऱ्याकडे आहे आणि घेणे आपल्याकडे. आपल्या घरातील बहिणींचे जे येणे आपल्याकडे थकले आहे, त्याचा अहवाल कोणती समिती लिहिणार?

२०१८ साली तीन तलाक विधेयकाच्या विरोधात महाराष्ट्रातील अनेक शहरांत मुस्लिम महिलांचे मोठे मोर्चे निघाले. बुरख्यातील हजारो स्त्रिया उन्हात चालल्या आणि त्यांनी सांगितले की शरीअत आम्हाला प्रिय आहे. त्या स्त्रिया घरी परतल्यावर त्याच शरीअतने दिलेला त्यांचा हिस्सा भावांनी त्यांच्या हाती दिला का? शरीअतच्या रक्षणासाठी बहिणीला रस्त्यावर आणायचे आणि शरीअतच्या अंमलासाठी ती दारात आली की दार लावून घ्यायचे, हा विरोधाभास दुसऱ्या कोणी दाखवण्यापूर्वी आपणच पाहिलेला बरा.

याच ओघात थोडे मागे जाऊ. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा निघाला. १९७० साली त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. शरीअतविषयीचे त्यांचे विचार आम्हाला मान्य नव्हते आणि आजही नाहीत. अल्लाहच्या कायद्याला पर्याय शोधणे हा आमचा मार्ग नव्हे. परंतु एका दमात तीन तलाक देणे हा गुनाह आहे, हे आमच्या फिक्हच्या ग्रंथांत शतकानुशतके लिहिलेले होते. ते मिंबरवरून किती वेळा सांगितले गेले? घराबाहेर काढलेल्या स्त्रीचा प्रश्न आम्ही आधी उचलला असता, तर तो घेऊन दुसऱ्या कोणाला उभे राहावे लागले नसते. सांगणाऱ्याचा उपाय चुकीचा असला, तरी त्याने दाखवलेली जखम खोटी ठरत नाही.

या बाबतीत प्रेषितांचा (स.) आदर्श पाहण्यासारखा आहे. सुनन नसाईमध्ये हजरत कुतैला (रजि.) यांच्याकडून एक हदीस आली आहे. एक यहुदी प्रेषितांकडे येऊन म्हणाला की तुम्ही लोकही शिर्क करता : अल्लाहने आणि तुम्ही इच्छिले तर, असे एकमेकांना म्हणता आणि काबाची शपथ घेता. बोलणारा दुसऱ्या धर्माचा होता आणि आरोप तौहीदच्या पाइकांवर शिर्कचा होता! यापेक्षा झोंबणारे बोलणे कोणते असेल? प्रेषितांनी (स.) त्याचा हेतू विचारला नाही. त्यांनी अनुयायांना आज्ञा केली की शपथ घ्यायची तर काबाच्या पालनकर्त्याची घ्यावी आणि आधी अल्लाहने इच्छिले, त्यानंतर तुम्ही, अशा क्रमाने म्हणावे. बोलणे खरे होते, म्हणून भाषा सुधारली गेली, विषय संपला.

माझ्याच घरातील खवखव

आता जे लिहितो आहे, ते लिहू नये असे मला अनेकदा वाटले. पण ते वगळले तर हा लेख लिहिण्याचा मला अधिकार राहणार नाही.

त्या जुम्याच्या दोन दिवसांनंतर नांदेडहून माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. बयानची हकीकत तिच्यापर्यंत पोहोचली होती. खुशाली विचारून झाल्यावर ती आपल्या नेहमीच्या शांत आवाजात म्हणाली, "भाई, बयान बहुत अच्छा था बोलते. उसमें हमारा भी हिस्सा था क्या?"

नांदेड जिल्ह्यात आमची वडिलोपार्जित सहा एकर कोरडवाहू जमीन आहे. वालिद साहेबांच्या इंतकालनंतर वारसनोंद झाली तेव्हा सर्वांची नावे लागली होती. पुढे पीककर्जाच्या सोयीचे कारण सांगून बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घेतले गेले. मी तेव्हा आलिमचा अभ्यासक्रम पुरा केलेला होता. मी त्या कागदावर काहीच बोललो नाही. बहिणींनी खुशीने सोडले, असे आम्ही सांगत आलो.

आपाचे वाक्य ऐकताच माझे कान तापले. मी म्हणालो, "आपा, सही तुम्हीच केली होती ना? मग आज इतक्या वर्षांनी हा विषय का? दूल्हाभाई काही म्हणाले का?" ती एवढेच म्हणाली, "नाही रे, मनात आले म्हणून विचारले," आणि तिने फोन ठेवला.

त्या रात्री इशाची नमाज पढवताना मला कळले की मशिदीच्या दारात मला जी वाक्ये ऐकवली गेली, तीच मी माझ्या बहिणीला ऐकवली होती. आत्ताच का? तुला कोणी शिकवले? आणि "हे खरे आहे का?" हा प्रश्न मी विचारला नव्हता, कारण उत्तर मला पाठ होते. आयत तर मीच शिकवली होती.

दुसऱ्याला रागावताना पाहून त्याचे कारण शोधणे सोपे असते. ते कारण मला खरे तर त्या फोनवर समजले. बहीण खोटे बोलली असती तर मी शांतपणे समजावले असते.

पुढे मी आपाला भेटायला नांदेडला गेलो आणि सही खुशीची होती का, असे सरळ विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सही केली नसती तर ईदला कोणाच्या दारात आलो असतो?" मराठवाड्यातील किती बहिणींची खुशी ही अशी आहे! माहेर तुटू नये म्हणून त्या जमीन सोडतात आणि आपण त्याला मनाचा मोठेपणा म्हणतो. कोणा मुसलमानाचा माल त्याच्या मनाच्या खुशीवाचून हलाल होत नाही, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. भीतीने केलेली सही मनाची खुशी कशी ठरेल?

ज्यांनी ऐकून घेतले

हजरत आदम (अलै.) आणि इब्लीस यांच्या वृत्तांतात दोघांचीही आज्ञाभंगाची चूक झाली. इब्लीसला जाब विचारला तेव्हा त्याने आपण आदमपेक्षा श्रेष्ठ असल्याचे सांगितले आणि आपल्या मार्गभ्रष्टतेचा दोष अल्लाहवर टाकला. हजरत आदम व हव्वा यांनी मात्र आपण स्वतःवरच जुलूम केल्याची कबुली देऊन क्षमा मागितली. दोन मार्ग येथूनच वेगळे झाले. चूक झाल्यानंतर कोण काय बोलला, यावर पुढचे सारे ठरले.

सहाबांच्या जीवनातील एक प्रसंग सहीह बुखारीत आहे. मअरूर नावाचे ताबिई रबजा येथे हजरत अबू जर (रजि.) यांना भेटले. अबू जर यांच्या अंगावर जसा पोशाख होता, तसाच त्यांच्या सेवकाच्याही अंगावर होता. मअरूर यांनी कारण विचारले. तेव्हा अबू जर यांनी स्वतः सांगितले की मी एकदा एका माणसाला त्याच्या आईवरून टोचून बोललो होतो. प्रेषितांनी (स.) मला सुनावले की तुझ्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे. सेवक हे तुमचे भाऊ आहेत. आपण जे खातो ते त्यांना खाऊ घालावे आणि जे नेसतो ते त्यांना नेसवावे.

सुरुवातीच्या काळात ईमान आणणाऱ्या सहाबींना 'तुझ्यात जाहिलियत आहे' हे ऐकावे लागले. ते रुसले नाहीत. त्यांनी कपाटातील वस्त्रे दोघांत सारखी केली. आणि याहून मोठी गोष्ट अशी की हा प्रसंग आपल्याला त्यांच्याच तोंडून कळला. त्यांनी तो लपवला असता, तर एका इज्जतदार माणसाची इज्जत वाचली असती आणि उम्मत एका हदीसला मुकली असती. आज चौदाशे वर्षांनंतर त्या कबुलीमुळे त्यांचा मान कमी झाला की वाढला, हे वाचकांनीच ठरवावे.

हजरत अबू बक्र (रजि.) यांनी खिलाफत स्वीकारताना लोकांना सांगितले की मी योग्य वागलो तर साथ द्या आणि चुकलो तर मला सरळ करा. हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी सांगितले जाते की आपले दोष दाखवणाऱ्यासाठी ते दुआ करीत आणि तो दोष दाखवणे ही भेट समजत. भेट आणणाऱ्याला आपण दारातून परत पाठवत नाही, आणि त्याच्या चपला मळलेल्या आहेत म्हणून भेट नाकारतही नाही.

सांगणाऱ्याची जबाबदारी

येथवर ऐकणाऱ्याविषयी लिहिले. पण सांगणाऱ्यालाही मोकळीक नाही. हजरत मूसा व हारून (अलै.) यांना फिरऔनसारख्या जालिमाकडे पाठवतानाही अल्लाहने मृदू बोलण्याची आज्ञा केली (सूरह ताहा, ४४). आपण मूसांहून श्रेष्ठ नाही आणि आपल्यासमोरचा भाऊ फिरऔनहून वाईट नाही. प्रेषितांची (स.) रीत अशी होती की एखाद्याची चूक दिसली तर नाव न घेता, लोकांना काय झाले आहे की ते असे करतात, अशा सर्वसाधारण शब्दांत सांगत. नसीहत एकांतात, आधी दुआ करून, समोरच्याच्या हितासाठी असावी. सत्य सांगताना आपल्याला मजा येत असेल, तर समजावे की त्यात नसीहत कमी आणि नफ्स जास्त आहे. 'मी तोंडावर बोलणारा माणूस आहे' असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या तोंडावर कोणी बोलले की मग त्यांची परीक्षा होते.

आणि सांगणाऱ्याने आधी आपला सातबारा पाहावा. हे मला माझ्या बहिणीने शिकवले.

हिशेब कसा करावा

हा लेख वाचून कोणाला खवखव झाली असेल, तर तिचे औषध सांगणे हे माझे कर्तव्य आहे. आमच्याच सहा एकरांचा हिशेब देतो. सहा एकर म्हणजे २४० गुंठे. मृताचे कर्ज, वसीयत इत्यादी आधी वजा होते. आमच्याकडे तसे काही शिल्लक नव्हते. वारस पाच : आई, दोन भाऊ आणि दोन बहिणी. मृताला मुले असल्याने पत्नीचा, म्हणजे आमच्या आईचा, आठवा हिस्सा : ३० गुंठे. उरले २१० गुंठे. मुलाला दोन भाग व मुलीला एक, याप्रमाणे दोन भावांचे चार आणि दोन बहिणींचे दोन, असे सहा भाग झाले. एक भाग ३५ गुंठ्यांचा. प्रत्येक बहिणीला ३५ आणि प्रत्येक भावाला ७० गुंठे. वारस वेगळे असतील तर हिस्सेही बदलतात. म्हणून आपल्या घरचा हिशेब जवळच्या मुफ्ती साहेबांकडून लिहून घ्यावा.

१९३७ च्या शरीअत कायद्यातून शेतजमिनीचा विषय वगळला गेला होता. तो कायदा मागण्यामागे, रूढीमुळे डावलल्या जाणाऱ्या मुस्लिम स्त्रियांना त्यांचे हक्क मिळावेत, हा एक मोठा हेतू होता. तरीही जमीन बाहेर राहिली. कायद्याने वगळले म्हणून कुरआनने वगळलेले नाही. थोडे असो वा फार, या शब्दांत घर, दुकान, शेत, सोने सर्व आले.

बहिणीने आधीच 'सोडले' असेल तर काय? हनफी फकीहांच्या मते वारसाहक्काची मालकी मृत्यूबरोबर आपोआप वारसाकडे येते. वाटणीपूर्वी नुसते "मी सोडले" म्हटल्याने ती संपत नाही. हिस्सा तिच्या ताब्यात द्यावा. त्यानंतर तिने दबावाविना काही परत दिले, तर तो तिचा अधिकार. अथवा परस्पर संमतीने ठरलेली रक्कम घेऊन तिने आपला हिस्सा सोडावा. याला फिक्हमध्ये तखारुज म्हणतात आणि ते जायज आहे. लग्नात दिलेले दागिने, दरवर्षीची ईदी, साडीचोळी हे हिश्शाच्या बदल्यात धरता येत नाहीत.

उहुदच्या लढाईत हजरत सअद बिन रबीअ (रजि.) शहीद झाले. त्यांच्या भावाने सारी मालमत्ता ताब्यात घेतली. सअद यांची पत्नी दोन मुलींना घेऊन प्रेषितांकडे (स.) आली आणि मुलींसाठी काहीच ठेवले नसल्याचे तिने सांगितले. त्यानंतर वारसाहक्काची आयत अवतरली. प्रेषितांनी (स.) त्या भावाला बोलावून सांगितले की दोन्ही मुलींना दोनतृतीयांश द्या, त्यांच्या आईला आठवा हिस्सा द्या आणि उरेल ते तुमचे. हजरत जाबिर (रजि.) यांच्या या रिवायतीत त्या भावाचा एकही प्रतिवाद आलेला नाही. अरबांच्या जुन्या रूढीनुसार त्याला जे आपलेच वाटत होते, ते एका वाक्याने परके झाले.

आमच्या घरात गोष्ट इतक्या सहजपणे झाली नाही. धाकट्या बहिणीने रक्कम घेण्याचे मान्य केले आहे आणि ती तीन हप्त्यांत द्यायची आहे. दोन हप्ते दिले गेले. आपाला जमीनच हवी आहे. तिच्या ३५ गुंठ्यांची मोजणी अजून व्हायची आहे आणि या विषयावरून माझा भाऊ काही महिने माझ्याशी बोलला नाही. त्याचा राग मला समजतो. तो मीही करून पाहिला आहे. मध्यंतरी ज्या बुजुर्गांनी मला घरगुती गोष्टी मिंबरवर नकोत म्हटले होते, ते एका संध्याकाळी हुजऱ्यात आले, बराच वेळ इकडचे तिकडचे बोलले आणि जाताना एक चिठ्ठी ठेवून गेले. तीत वारसांची नावे आणि एकरांचा आकडा होता. खाली लिहिले होते : हिशेब करून द्यावा.

वाचक बंधू-भगिनींनो, अन्यायाने बळकावलेली वीतभर जमीनही कियामतच्या दिवशी सात थरांसह गळ्यात अडकवली जाईल, असा इशारा बुखारी व मुस्लिममधील हदीसमध्ये आहे. त्या दिवशी गळ्याला होणारा त्रास आज घशाला होणाऱ्या खवखवीपेक्षा फार मोठा असेल. म्हणून कोणाच्या बोलण्याने घसा खवखवला, तर बोलणाऱ्याकडे पाहण्यापूर्वी आपण काय खाल्ले आहे ते आठवावे. ही खवखव म्हणजे अंतःकरण अजून जिवंत असल्याची खूण आहे आणि अंतःकरण जिवंत आहे तोवर तौबाचे दार उघडे आहे.

अल्लाह आपणा सर्वांना स्वतःविषयीचे सत्य ऐकण्याचे धैर्य, ते मानण्याची नम्रता आणि हक्कदारांचा हक्क मृत्यूपूर्वी त्यांच्या हाती देण्याची तौफिक देवो. आमीन.